जाळीतल्या सहा मिरच्या

पास्कूने पाच हंगाम निवडत आणून बियाण्यासाठी राखलेल्या सहा मिरच्या मी चिरल्या, आतल्या बिया काढून फेकल्या, पोटात जवळा भरला आणि तळून पास्कूलाच खाऊ घातल्या. नजरचुकीने झालं असं म्हणायची सोय नाही. प्रत्येक मिरचीवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी होती, पिशवीला लाल दोरा होता, आणि त्यातल्या निदान दोन दोऱ्यांच्या गाठी मी स्वतः मारलेल्या होत्या.

तो तेव्हा जिल्ह्याच्या इस्पितळात होता. हृदय दमलेलं, पायांवर सूज, जेवायला बिनमिठाची पेज. एका सकाळी डॉक्टर त्याच्या बायकोला, मर्सेलीन वहिनींना म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते थोडंथोडं देत जा." डॉक्टर असं म्हणाले की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. वहिनींनीही विचारला नाही. मला फोन करून एवढंच म्हणाल्या, "भावजी, तेंका मिरची खावशी वाटता. परड्यात गावतत काय बगा." तीन आठवडे त्याच्या परसातल्या वाफ्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मी गेलो. उघड्यावरच्या मिरच्या बुलबुलांनी टोचलेल्या, काही बोटाएवढ्याही नव्हत्या. जाळीत मात्र सहा, लाल, टपोऱ्या. मला वाटलं, बरं झालं, ह्या तरी पाखरांपासून वाचल्या... आणि मी पिशव्या सोडल्या. जाळी कशासाठी असते हे मला ठाऊक होतं. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला गेलेली, त्यामुळे "काय करतास तां?" असं विचारणारंही घरात कोणी नव्हतं.

डबा घेऊन पोचलो तेव्हा वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. पास्कू उशाला टेकून बसला होता. सगळी नोकरी जहाजांवर स्वयंपाकी म्हणून केलेला माणूस. त्याची परीक्षा नाकापासून सुरू व्हायची. डबा उघडल्याबरोबर त्याने डोळे मिटून वास घेतला, एक मिरची उचलली, अर्धी चावली आणि उरलेली अर्धी डोळ्यांसमोर धरली.

"लाल आसा," तो म्हणाला.

"होय तर. बरी पिकलेली गावली."

"रे ऑफिसर... हेंका जाळी होती मां?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.  "होती," मी म्हणालो.

"सगळ्यो काडलंस?"

"सगळ्यो."

"आणि बियो?"

"माझ्या मोरीकडच्या आळवात टाकलंय."

पास्कू बराच वेळ चावत राहिला. त्याने आता काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेणार होतो. त्याने घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मीठ कमी आसा."

दुसरी मिरची त्याने पूर्ण खाल्ली. तिसरी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिली आणि ती कशी बनवलीय ते अगदी स्वतः बनवल्यासारखं समजावून सांगितलं. मी खालच्या आवाजात विचारलं, "वयनीक कोण सांगतलो?" तो म्हणाला, "तू. माका मरूचा आसा, माका येळ नाय." आम्ही दोघंही हसलो. वहिनी औषधांची पिशवी घेऊन आल्या तेव्हाही हसतच होतो, आणि इतक्या दिवसांनी नवरा हसताना बघून त्यांनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं, की सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

पाच दिवसांनी फोन आला. मी त्याच वाफ्यात पाण्याची कळशी घेऊन उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "गेले, भावजी." मी फोन खिशात ठेवला आणि उरलेल्या दोन ओळींना पाणी घातलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. त्यानंतर आठवडाभर मात्र त्या वाफ्याकडे जायला कोणालाच सवड नव्हती, आणि मार्चच्या उन्हात सगळी झाडं वाळून गेली.

आता हा 'ऑफिसर' म्हणजे काय ते सांगायला हवं. मी नोकरीचा सगळा काळ शेतीखात्याच्या एका कचेरीत कारकून होतो. बियाणं मी आयुष्यभर कागदावर पाहिलं. आलं किती, गेलं किती, पावती कुठे. पण आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत निवृत्त होऊन आलो तेव्हा लोकांनी 'शेतीखातं' एवढंच ऐकलं, आणि मीही कोणाचा गैरसमज दूर करायला फार धावलो नाही. कोणी कीड लागलेलं पान घेऊन आलं की मी चष्मा काढायचो, पान उजेडात धरायचो आणि "हं..." म्हणायचो. बरेच जण तेवढ्यावर समाधानाने परत जायचे. पास्कू नाही गेला. बोटीवरची नोकरी संपवून तो त्याच सुमारास घरी आला होता. पहिल्याच भेटीत त्याने मला विचारलं, "मिरचीचा बी किती खोल पेरूचा?" मी म्हणालो, "जमिनीवर अवलंबून आहे." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे तुका ठावक नाय." तेव्हापासून आमची दोस्ती, आणि तेव्हापासून मी ऑफिसर.

त्याला हालापेन्यो लावायची होती. पिझ्झ्यावर चकत्या घालतात ती, आखूड, जाड, अंगठ्यासारखी मिरची. आमच्याकडे काय मिरच्यांची कमतरता आहे? मी त्याला तसं म्हणालोही. त्याचं उत्तर तयार होतं. आपली मिरची सालीला पातळ, भरायला गेलं की फाटते. बाजारातली भज्यांची मिरची लांब, पण तळली की लोळते. आणि ढब्बू मिरचीला स्वतःचं म्हणणंच नसतं. मेक्सिकोच्या एका बंदरात त्याने ही मिरची भरून खाल्ली होती आणि तिथेच ठरवलं होतं, की हिच्यात जवळा, ओलं खोबरं आणि कोकमाची दोन सोलं घालून बघायचं. जहाजावर जवळा मिळाला नाही. त्यामुळे ते बघायला त्याला निवृत्त व्हावं लागलं.

त्याच्या बोटीवरच्या भाच्याने बियांची चार पाकिटं आणली, चार जातींची. एक लवकर येणारी, एक जवळपास तिखट नसलेली, एक जांभळ्या रंगाची, आणि एक जुनी, साधी, जिच्या पाकिटावर फारसं काही लिहिलेलंच नव्हतं. चारांतली कुठली आमच्या हवेत टिकते ते बघून एक निवडायची, असा बेत. मी म्हणालो, नोंदी माझ्याकडे. जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर जात, तारीख आणि अनुक्रमांक सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि ओळींच्या टोकाला खोचल्या. शाईपेनने. ऑक्टोबरच्या शेवटी एक जोराची सर आली, आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींच्या टोकाला चार निळे डाग होते. पास्कू ते डाग बघत उभा राहिला. "अक्षर मात्र बरा होता," तो म्हणाला.

एका अर्थी ते बरंच झालं, कारण पाकिटांवर काय लिहिलंय ते विसरून तो झाडं बघायला लागला. पहिल्या ओळीला सगळ्यांआधी मिरच्या आल्या, पण जानेवारीत तिची पानं अशी आकसली की झाडं मुठी वळून बसल्यासारखी दिसायची. दुसरीची मिरची मोठी, सुंदर, आणि चवीला काकडीची लांबची बहीण. जांभळी इतकी देखणी, की वहिनी दारातल्या खुरसाजवळ, क्रुसाच्या पायाशी, पेल्यात तिच्या डहाळ्या ठेवायच्या. खायला मात्र कोणी हात लावला नाही. चौथी ओळ आळशी. डिसेंबर लागला तरी हिरवीगार, ढिम्म. मग एकदम धरली, आणि धरल्यावर मिरच्यांच्या सालीवर बारीक तपकिरी रेघा उमटायला लागल्या, म्हाताऱ्याच्या टाचेला पडतात तशा भेगा. मी चष्मा काढला, एक मिरची उजेडात धरली, "हं..." म्हणालो, आणि पास्कू मालवणला मासे आणायला गेलेला असताना रोग पसरू नये म्हणून दोन झाडं मुळासकट उपटली.

तो परत आला तेव्हा झाडं वाफ्याच्या कडेला पडली होती आणि मी हात धूत होतो. सुरमईची पिशवी खाली ठेवून त्याने एक भेगाळलेली मिरची तोडली, मोडली, आतली साल मला दाखवली. दोन नाणी एकावर एक ठेवावीत तेवढी जाड. "मेल्या," तो म्हणाला, "ही वळां रोग न्हय. ही मिरची भरल्याची खूण. थंयसरले लोक वळां बगून मिरची घेतत." मग जरा थांबून, "तुझ्या कपाळार किती वळां आसत, तुका कोणी उपटला?"

त्या संध्याकाळी आम्ही त्या उपटलेल्या झाडांच्या मिरच्या भरून खाल्ल्या. मी मालवणी माणूस. मिरची खाऊन डोळ्यांत पाणी आलं नाही तर मला फसवल्यासारखं वाटतं. म्हणालो, "तिखट नाय रे." पास्कू म्हणाला, तिखट वेगळं आणि मिरचीची चव वेगळी. घरच्या परसातल्या मिरचीबद्दल त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. एका झाडाने एकदम टोपलीभर देऊ नये, आठवड्याला दोन माणसांपुरती द्यावी. साल अशी असावी की भरताना फाटू नये. आणि तिखट इतकंच की घरातल्या माणसाने दोन खाव्यात आणि पाहुण्याने तिसरी मागावी. ह्यातलं सगळं चौथ्या ओळीत होतं. उरलेल्या तीन ओळींचा त्याने पुढे विचारही केला नाही.

पण जात निवडली म्हणजे ती आपली झाली असं नसतं. पुढच्या वर्षी त्याच मिरच्यांचं बी पेरलं, तर निम्मी झाडं निघाली लांबोडक्या, बारीक, जहाल मिरच्यांची. शेजारच्या वाफ्यात वहिनींनी आपली नेहमीची मिरची लावली होती आणि मधमाश्यांनी मधल्या मध्ये सोयरीक जुळवली होती. "घराशेजारी घर आसला की असां होताच," पास्कू म्हणाला. तेव्हापासून जाळी सुरू झाली. मच्छरदाणीचं कापड कापून छोट्या पिशव्या, फूल उमलायच्या आधी कळीवर चढवायच्या, लाल दोऱ्याने बांधायच्या. म्हणजे बाहेरचा पराग आत जात नाही. दरवर्षी सगळ्यांत चांगलं एक झाड, त्याच्या सहा-सात कळ्या. लाल होईपर्यंत झाडावर ठेवायच्या, मग बी. चुकीची झाडं हंगामाच्या मध्यावर तो स्वतः उपटायचा, आणि उपटताना मला मुद्दाम बोलावून घ्यायचा. "ये, तुझा आवडता काम आसा."

लोक बी मागायचे. मसुऱ्याहून, आचऱ्याहून, एकदा तर एक जण थेट कणकवलीहून गाडी घेऊन आला. पास्कू त्यांना मिरच्या द्यायचा, कृती सांगायची त्याला हौसच होती, पण बी नाही. "अजून थोडी चुकता," म्हणायचा. दहा झाडांत एखादं वेडंवाकडं निघायचं आणि ते त्याला चालायचं नाही. चुकीचं बी दुसऱ्याच्या परसात गेलं तर त्याचं नाव खराब होणार होतं म्हणे. ह्या वर्षी पहिल्यांदाच वाफ्यात एकही झाड चुकलं नाही. नाताळाच्या सुमाराला त्याने एकेक झाड हात लावून बघितलं आणि मला म्हणाला, "ऑफिसर, हेच्यापुढे वाटूक हरकत नाय." जुनं बी त्याने सगळं पेरलेलं होतं. पुढचं जे काही होतं, ते त्या सहा पिशव्यांत होतं. आणि त्यांचं मी काय केलं, ते वर लिहिलंच आहे.

महिना भरल्यावर पास्कूसाठी चर्चमध्ये झालेल्या मिसेला आम्ही सगळे जमलो होतो. घरी आल्यावर वहिनींनी कॉफी दिली आणि म्हणाल्या, "भावजी, त्यो जाळीतल्यो मिरच्यो तुमीच काडून ठेवलास मां? वाफ्यात दिसाक नाय." मी म्हणालो, होय. "सुकल्यो?" मी म्हणालो, सुकतत. "गणपतीच्या आदी रुजत घालूया. तेंनी लोकांका देवचा ठरवलेला." मी मान हलवली. त्यानंतर त्या दर चार-पाच दिवसांनी विचारायच्या, आणि मी दर वेळी थोडी भर घालायचो. आधी बी सावलीत सुकत होतं. मग ते राखेत घोळलं. मग डब्यात गेलं. मग डब्यात कडुनिंबाचा पाला पडला. कागदावर म्हणाल, तर ते बियाणं उत्तम स्थितीत होतं.

सांगायचं मी रोज ठरवायचो. पण नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला जाऊन काय म्हणायचं... की त्याचं इथे जे एकच मागे उरायचं होतं, ते मी जवळा घालून तळलं? मी त्यांच्या घराकडे निघायचो आणि वाटेतून माघारी वळायचो.

मग एप्रिलच्या मध्यावर, मोरीशी भांडी विसळताना, मला अळवाच्या पानांखाली रोपं दिसली. दाट, हिरवी, दोन-दोन बोटं उंच. मी जिथे बिया फेकल्या होत्या, तिथेच.  खरं सांगतो, पास्कू गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तिथे, मोरीच्या दगडावर, खरकट्या भांड्यांत बसून रडलो.

त्यानंतरचे दहा दिवस मी आयुष्यात केली नाही एवढी शेती केली. कुंपणाजवळ वाफा खणला, शेणखत घातलं, सोळा रोपं एका रेषेत लावली. रेष दोरी धरून आखली. वर माडाच्या झावळ्यांची सावली केली. सोळाच्या सोळा जगली. पानं रुंद झाली, जरा लवदार, तरतरीत. आता मला सांगायला जागा होती. चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही एकदम सादर करता येणार होतं. मी वहिनींना बोलावणं पाठवलं आणि त्या येईपर्यंत अळवातलं उरलंसुरलं साफ करून घेतलं. तिथे आता एकच कसलंसं किरकोळ रोप राहिलं होतं, बारीक गुळगुळीत पानांचं. तण म्हणून तेही उपटलं.

ते मुठीत असतानाच वहिनी आल्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पिशव्या, जवळा, डबा, इस्पितळ. कडुनिंबाच्या पाल्याचंही सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "माका ठावक आसा."

"ठावक आसा?"

"तेंनी त्याच सांजेक सांगल्यानी. हसान हसान खोकलो इलो तेंका. नर्स धावत इली."

"मगे इतके दिवस माका विचारी कित्याक होतास?"

"तुमी खंयपर्यंत जातास तां बगूक. कडुनिंबापर्यंत गेलास."

मी हाताने वाफ्याकडे खूण केली. वहिनी सावकाश पुढे गेल्या, झावळी उचलली, वाकल्या. पहिल्या रोपाचं पान दोन बोटांत धरून चोळलं. मग दुसऱ्याचं. मग ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ही वांगी."

"सगळी?"

"सगळी. सडकी वांगी टाकलेली असतली तुमी थंय." मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "आणि तुमी उपटून हातात धरलास, ती मिरची."

मी हात उघडला. रोप कोमेजलं होतं, पण मुळाशी चिमूटभर माती अजून धरून होतं. वहिनींनी ते माझ्याकडून घेतलं, पदराचं टोक ओलं करून त्यात गुंडाळलं आणि घराकडे चालू लागल्या. मी मागे मागे. घरी त्यांनी पास्कूचा जहाजावरचा चहाचा मग काढला, पांढरा, एनॅमलचा, कडा उडालेल्या. मी म्हणालो, खिळा आणून भोक पाडतो. "भोक आसा," त्या म्हणाल्या. "दोन वर्सा गळता. तेंनी टाकूक दिल्यानी नाय. खाली बशी धरून चाय पियत." त्यांनी मगात माती भरली, डावा गुडघा टेकला, करंगळीने खळगा केला. पास्कू अगदी असाच बसायचा रोप लावताना. वर फणसाचं एक पान उपडं घातलं, आणि तो मग पायरीवर, पागोळीच्या आत, जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही, तिथे ठेवला.

ते रोप जगलं. हे लिहितो आहे तेव्हा त्याला नऊ पानं आहेत, बारीक, गुळगुळीत. पावसाळा पायरीवरच काढायला हवा. मग ऑक्टोबरात वाफ्यात, आणि फुलं येतील तेव्हा जाळी. एका झाडाच्या सहा मिरच्या निघाल्या तरी पुष्कळ. पण ती खरंच चौथ्या ओळीची मिरची आहे, की उगाच कुठून आलेली दुसरीच, ते मिरचीला वळं पडल्याशिवाय कळणार नाही. मी रोज सकाळी जातो, पानं मोजतो. परवा सहज वाटलं, माती जरा सुकलेली दिसते, म्हणून मोरीवरचा तांब्या भरून घेतला आणि त्या मगावर वाकलो. आतून वहिनींचा आवाज आला.

"तांब्यो खाली ठेवा, भावजी. मिरची निवडूक तेंनी पाच वर्सा घातल्यानी. दोस्त निवडताना पाच मिनटा पण इचार केल्यानी नाय."